मर्यादित खर्चांत सेंद्रिय जिन्नस विकत घ्यावे काय ?

ज्याच्या नांवावर चार-सहा एकर जमीन आहे त्यानें भाजी विकत आणावी, ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांस चमत्कारिक वाटली असती. परंतु आज सारें रान ऊंस, सोयाबीन, कापूस किंवा द्राक्षें यांखालीं गेल्यामुळें पुष्कळ खातेदारांच्या घरीं मेथीची जुडी, टोमॅटो, मिरची, गूळ, हळद, डाळ हे जिन्नस आठवड्याच्या बाजारांतूनच येतात. म्हणजे खातेदार हा विकणाराहि आहे आणि घेणाराहि आहे. त्या बाजारांत अलीकडे "सेंद्रिय", "नैसर्गिक", "विषमुक्त" अशा पाट्या दिसूं लागल्या असून त्यांखालील मालाचा भाव साध्या मालाच्या दीडपट, प्रसंगीं दुपटीपर्यंतहि असतो. घरांत लहान मुलें असलीं म्हणजे त्या पाटीकडे मन ओढतें, आणि पिशवींतील पैशांकडे पाहिलें म्हणजे हात आंखडतो. अशा गृहस्थानें काय करावें, याचा क्रमानें विचार करण्याचें या लेखांत योजिलें आहे. आम्ही शेतकी-शास्त्रांतले जाणते नव्हेत. महसूल खात्याच्या कारकुनींत आमची उमर गेली. जमा व खर्च समोरासमोर मांडून बाकी काढणें एवढेंच आम्हांस येतें, आणि या प्रश्नांत मुख्यतः तेंच हवें आहे.

१. शब्दाचा अर्थ

कोणताहि व्यवहार करण्यापूर्वीं आपण कशाचे पैसे देत आहों हें समजलें पाहिजे. "सेंद्रिय" या शब्दास आतां नियमांनीं ठरलेला अर्थ आहे. केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ सालीं सुरू झाला. त्याप्रमाणें कृत्रिम रासायनिक खतें, कृत्रिम कीटकनाशकें व तणनाशकें आणि जनुकांत फेरफार केलेलें बियाणें हीं वर्ज्य आहेत. जमीन एका हंगामांत सेंद्रिय ठरत नाहीं. हंगामी पिकांच्या जमिनीस सामान्यतः दोन वर्षें आणि फळबागेसारख्या बहुवर्षायु पिकांस तीन वर्षें रूपांतराचा काळ काढावा लागतो. या काळांत उतारा बहुधा घटतो, खुरपणीची मजुरी वाढते, तपासणीचा खर्च येतो, आणि भाव मात्र पुष्कळदां साधाच मिळतो. सेंद्रिय माल महाग कां, याचें अर्धें उत्तर येथें आहे. तो सारा जादा पैसा दुकानदाराच्याच खिशांत जातो असें समजणें न्यायाचें नव्हे.

तथापि या शब्दाभोंवतीं तीन गैरसमज आहेत. पहिला असा कीं, सेंद्रिय पिकावर फवारणीच होत नाहीं. हें खरें नव्हे. निंबोळी अर्क, गंधक, ठराविक मर्यादेंत ताम्रयुक्त औषधें, ट्रायकोडर्मासारख्या उपयुक्त बुरशा हीं त्या पद्धतींतहि चालतात. दुसरा असा कीं, सेंद्रिय मालांत औषधाचा अंश मुळींच नसतो. शेजारच्या बांधावरून वाऱ्यानें तुषार येतात, पाटाच्या पाण्याबरोबरहि कांहीं येतें. म्हणून अंश कमी असण्याचा संभव पुष्कळ, परंतु शून्याची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं.

तिसरा गैरसमज सर्वांत महाग पडतो. "गावरान", "देशी", "घरगुती", "नैसर्गिक" हे शब्द सेंद्रिय या शब्दाचे पर्याय नव्हेत. गावरान म्हणजे वाणाची गोष्ट झाली. गावरान वांग्यावरहि पंप चालतोच. गुळाचें उदाहरण घ्या. गूळ पिंवळाधमक दिसावा म्हणून कांहीं गुऱ्हाळांत रसांत हायड्रॉसची पूड टाकितात. ती न टाकतां रानभेंडीच्या चिकानें मळी काढून केलेला गूळ किंचित् काळसर उतरतो आणि बाजारांत "सेंद्रिय गूळ" या नांवानें विकला जातो. तो घेणें चांगलेंच. परंतु ज्या उंसापासून तो झाला त्यास युरिया मिळाला होता कीं शेणखत, हें गुळाच्या रंगावरून कळत नाहीं. गुऱ्हाळांत रसायन नाहीं ही एक गोष्ट आणि शेतांत रसायन नाहीं ही दुसरी गोष्ट. पहिलीस जो भाव योग्य तो दुसरीचा म्हणून देऊं नये.

२. शास्त्राचा पुरावा

सेंद्रिय अन्नानें प्रकृति अधिक चांगली राहते काय, या प्रश्नावर परदेशांत पुष्कळ काम झालें आहे. ब्रिटनच्या अन्न-मानक संस्थेनें २००९ सालीं आणि अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१२ सालीं पूर्वींच्या अनेक निबंधांचा एकत्र विचार केला. पोषणद्रव्यांच्या दृष्टीनें दोन्ही मालांत म्हणण्यासारखें अंतर नाहीं, असा दोघांचाहि निष्कर्ष होता. मात्र सेंद्रिय मालांत कीटकनाशकाचा अंश कमी वेळां सांपडतो, असें स्टॅनफर्डच्या संशोधकांनीं नमूद केलें. पुढें २०१४ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाच्या मंडळीनें ३४३ निबंध तपासून असें मांडलें कीं, सेंद्रिय पिकांत कांहीं उपयुक्त द्रव्यें अधिक आणि कॅडमियम ही घातक धातु कमी असते. खाणाऱ्यांच्या प्रकृतीविषयीं तर हिशेब मुळींच जुळत नाहीं. फ्रान्समध्यें सुमारें ६९ हजार लोकांवर नजर ठेवून २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, वारंवार सेंद्रिय अन्न खाणारांस कर्करोग कमी झाल्याचें दिसलें. उलट ब्रिटनमध्यें सहा लाखांवर स्त्रियांच्या २०१४ सालच्या पाहणींत एकंदर कर्करोगांत तशी घट दिसली नाहीं. शिवाय जो महाग अन्न घेऊं शकतो तो बहुधा इतर बाबतींतहि प्रकृतीस जपतो, त्यामुळें गुण कशाचा हें वेगळें काढणें कठीण जातें.

आपल्या देशाचे आंकडेहि पाहूं. २०१४-१५ या वर्षीं सरकारी योजनेखालीं देशभरांतून अन्नाचे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांपैकीं शेंकडा १८.७ नमुन्यांत कीटकनाशकाचा अंश आढळला, आणि कायद्यानें ठरविलेल्या कमाल मर्यादेहून अधिक अंश ५४३ नमुन्यांत, म्हणजे शेंकडा २.६ मध्यें आढळला. शंभर नमुने समोर मांडले तर ८१ निर्मळ, १६ मर्यादेच्या आंत आणि सुमारें ३ मर्यादेबाहेर, असा हा जमाखर्च आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. बाजारांतली प्रत्येक जुडी विषारी आहे असें म्हणून मुलांस भाजीच न देणें हा वेडेपणा होय. परंतु ते तीन नमुने कोणाच्या पिशवींत येतात हें सरासरी सांगत नाहीं, म्हणून अगदीं निष्काळजी राहणेंहि बरें नव्हे.

एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे. औषधाचा सर्वांत मोठा वांटा खाणाराच्या पोटांत जात नसून फवारणाराच्या अंगावर जातो. २०१७ सालच्या पावसाळ्याच्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों आजारी पडले. सेंद्रिय मालास जो जादा पैसा द्यावयाचा, त्यांत आपल्या मुलाच्या प्रकृतीप्रमाणेंच कोणा फवारणी करणाराच्या जिवाचाहि विचार असावा. तसा तो असेल तर तें देणें व्यर्थ गेलें असें होत नाहीं.

३. ताटाचा हिशेब

आतां खर्चाकडे वळूं. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या आहार-मार्गदर्शिकेप्रमाणें मोठ्या माणसाच्या रोजच्या आहारांत सुमारें ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळें, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यें आणि ३०० मिलिलिटर दूध असावें. चार माणसांचें कुटुंब धरलें तर भाजीच महिन्यास ४८ किलो होते. आपल्या घरांत एवढी भाजी येते काय, हें प्रत्येकानें मनांत पाहावें. बहुतेक ठिकाणीं उत्तर नकारार्थीं येईल.

उदाहरणादाखल असें धरूं कीं, भाजीस महिन्यास २,४०० रुपये आहेत, साध्या भाजीचा सरासरी भाव किलोस ५० रुपये व सेंद्रिय भाजीचा ८० रुपये आहे. आपापल्या गांवचे भाव घालून वाचकांनीं हाच हिशेब पुन्हां मांडावा. सर्व भाजी साधी घेतली तर ४८ किलो येते. ताट पुरें होतें. सर्व भाजी सेंद्रिय घेतली तर त्याच पैशांत ३० किलो येते; माणशीं रोज २५० ग्रॅम पडते, म्हणजे १५० ग्रॅम ताटांतून उणी झाली. भाजीचा अंश संशयित आहे म्हणून जी भाजीच कमी केली, तिच्यापासून होणारें नुकसान संशयित नव्हे, ठाम आहे. डाळ किंवा दूध कमी करून सेंद्रिय पाटीचा माल आणणाऱ्या घराचीहि तीच गत. म्हणून आमच्या मतें पहिला नियम हा: *ताट पुरें भरल्याशिवाय पाटीचे पैसे देऊं नयेत.*

४. जिनसांचे तीन ढीग

ताट भरल्यावर जो थोडा पैसा उरेल तो सर्व जिनसांवर सारखा न पसरतां मोजक्या जिनसांवर घालावा. यासाठीं बाजाराच्या यादीचे तीन ढीग करावे.

पहिल्या ढिगांत ज्यांस जादा पैसा देणें सार्थ आहे ते जिन्नस येतात: मेथी, पालक, कोथिंबीर, कढीपत्ता, हिरवी व ढोबळी मिरची, टोमॅटो, भेंडी, वांगीं, फुलकोबी, द्राक्षें, स्ट्रॉबेरी. यांचें कारण शेतकऱ्यास सांगावयास नको. पानाचा पसारा मोठा म्हणून त्यावर औषध अधिक बसतें. हे जिन्नस सालासकट आणि कांहीं तर कच्चेच खाल्ले जातात. शिवाय भेंडीचा तोडा एक-दोन दिवसांआड, मिरची-वांग्या-टोमॅटोचा थोड्या थोड्या दिवसांनीं होतो. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर अमुक दिवस काढणी करूं नये असें लिहिलेलें असतें. पण तोडा थांबविला तर फळ जून होतें आणि बाजार चुकतो. ज्या पिकांत फवारणी आणि तोडा यांची अशी गांठ पडते, त्या पिकाच्या बाबतींत विकत घेणारानें सावध असावें. घरांत गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर या ढिगास अधिक मान द्यावा, कारण मुलाच्या लहानशा देहाला तोच अंश वजनाच्या मानानें अधिक पडतो.

दुसऱ्या ढिगांत कांदा, लसूण, केळीं, नारळ, अननस, कलिंगड, डाळिंब, लाल भोपळा, सुरण, मक्याचें कणीस, मटाराचा दाणा हे येतात. यांचें साल, टरफल किंवा पान टाकूनच दिलें जातें. यांवर पाटीचे पैसे घालणें हें ज्याच्या हातीं पैसा मोजका त्याचें काम नव्हे.

तिसरा ढीग वर्षाच्या बेगमीचा: ज्वारी, गहूं, तूर, हळद, गूळ. येथें पाटीपेक्षां ओळख स्वस्त पडते. मंगळवेढ्याकडील कोरडवाहू मालदांडी ज्वारीवर खत आणि फवारणी मुळांतच थोडी; तिला केवळ "सेंद्रिय" म्हणून शहरांत दीडपट भाव द्यावा लागतो, तीच ज्वारी सुगींत खळ्यावरून घेतली तर वाहतूक धरूनहि बरीच स्वस्त पडते. हळदीच्या बाबतींत फवारणीहून भेसळीचें भय मोठें आहे; रंग उठावदार करण्यासाठीं शिशाचा क्रोमेट हा घातक रंग चोळल्याचीं उदाहरणें या उपखंडांत घडलीं आहेत. अखंड हळकुंडें ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेऊन घरीं दळावीं, हा उपाय कोणत्याहि छापील पुड्याहून बरा.

द्राक्षांविषयीं एक निराळी गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. २००३ सालीं आपलीं द्राक्षें औषधांच्या अंशामुळें युरोपांत अडविलीं गेलीं. त्यानंतर पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखालीं अंश-तपासणीची व्यवस्था बसली, आणि २००६ पासून निर्यातीच्या बागांची नोंद व तपासणी "ग्रेपनेट" या पद्धतीनें होऊं लागली. २०१० सालीं क्लोरमेक्वाट या वाढ-नियंत्रकाच्या अंशावरून पुन्हां अडचण आली आणि तपासणी अधिक कडक झाली. हीं द्राक्षें सेंद्रिय नव्हेत. पण तीं तपासलेलीं असतात. यावरून दुसरा नियम निघतो: *न तपासलेल्या सेंद्रियापेक्षां तपासलेला साधा माल अनेक वेळां बरा.*

५. कागद कसा वाचावा

सेंद्रिय मालाच्या प्रमाणपत्राच्या मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, वर सांगितलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाप्रमाणें बाहेरच्या मान्यताप्राप्त संस्थेनें केलेली तपासणी. ती खर्चाची आहे. दुसरी, कृषि खात्याची सहभागी हमी पद्धति, जींत एका किंवा शेजारच्या गांवांतील किमान पांच शेतकऱ्यांचा गट एकमेकांचीं शेतें तपासतो. ती स्वस्त आहे आणि जेथें शेजारी प्रामाणिक तेथें ती पक्कीहि आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें सेंद्रिय म्हणून विकला जाणारा माल या दोहोंपैकीं एकाखालीं आलेला असला पाहिजे; मात्र जो लहान शेतकरी स्वतःचा माल थेट खाणारास विकतो त्यास सूट ठेविली आहे.

आम्हीं सात-बाराचे उतारे जन्मभर पाहिले. उतारा हातीं आला कीं शहाणा मनुष्य शिक्क्याकडे पाहून समाधान मानीत नाहीं. नांव कोणाचें, गट नंबर कोणता, क्षेत्र किती, पीक कोणतें, साल कोणतें, हें तो पाहतो. सेंद्रिय प्रमाणपत्रहि तसेंच वाचावें. तें कोणाच्या किंवा कोणत्या गटाच्या नांवें आहे ? त्यांत जें पीक लिहिलें आहे तेंच समोर विकावयास आहे काय ? मुदत संपली आहे काय ? क्षेत्र किती, आणि त्या क्षेत्रांतून एवढा माल निघूं शकतो काय ? अर्ध्या एकराचा कागद दाखवून वर्षभर गाडी-गाडी टोमॅटो विकणारा मनुष्य आपणांस गणित येत नाहीं असें गृहीत धरतो. तसेंच "रूपांतरांतील" माल आणि "पूर्ण सेंद्रिय" माल हा भेद कागदावर असतो. भावांतहि तो असावा.

ज्यास कागद नाहीं अशा लहान शेतकऱ्याकडून घ्यावयाचें असेल तर चार प्रश्न विचारावे: कीड आली तेव्हां काय मारलें, शेवटची फवारणी कधीं झाली, खत कोठून आणलें, आणि "शेत पाहावयास येऊं काय?" चवथ्या प्रश्नास जो हंसतमुखानें "या" म्हणतो त्याच्याकडून माल घ्यावा. जो "आमच्याकडे कीडच येत नाहीं" असें सांगतो, त्यानें शेत केलें नसावें किंवा खरें सांगितलें नसावें.

६. माल घरीं आल्यावर

साध्या मालाचा कांहीं दोष घरींहि कमी करतां येतो. वाहत्या पाण्याखालीं चोळून धुणें हें पहिलें काम. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांत २०१७ सालीं सफरचंदांवर प्रयोग झाला. त्यांत खाण्याच्या सोड्याच्या पाण्यांत १२ ते १५ मिनिटें ठेविल्यानें सालीवर असलेलीं दोन औषधें साध्या पाण्यापेक्षां बरीच चांगलीं निघालीं. सोड्याचें प्रमाण लिटरभर पाण्यास सुमारें १० ग्रॅम होतें. नंतर पुन्हां स्वच्छ पाण्यानें धुवावें. परंतु जें औषध सालीच्या आंत शिरलें तें त्याहि प्रयोगांत निघालें नाहीं. आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसांतूनच फिरतें, त्यास धुण्याचा उपाय नाहीं. साबणानें भाजी धुणें तर नकोच.

धान्याच्या बाबतींत एक विसंगति पुष्कळ घरांत घडते. महाग सेंद्रिय तांदूळ किंवा गहूं आणावयाचा, आणि कणगींत भरतांना त्यांत पाऱ्याच्या टिकड्या टाकावयाच्या किंवा बोरिक पूड चोळावयाची. शेतकऱ्यानें दोन वर्षें जें टाळलें तें आपण घरांत दोन मिनिटांत घातलें. धान्याला कडक ऊन द्यावें, कोठी कोरडी व घट्ट झांकणाची असावी, वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा, डाळीस एरंडेलाचा हात फिरवावा. एवढी तजवीज ज्या घरीं नाहीं त्यानें सेंद्रिय धान्यावर पैसे घालूं नयेत.

७. परसांतील अर्धा गुंठा

आतां पुन्हां हिशेबाकडे येऊं. वरील ४८ किलोंपैकीं पहिल्या ढिगांतली १२ किलो भाजी सेंद्रिय आणि ३६ किलो साधी घेतली, तर ९६० आणि १,८०० मिळून २,७६० रुपये होतात. ३६० रुपये तूट येते. शहरांतल्या गृहस्थास ही तूट कोठून तरी भरून काढावी लागेल. खातेदाराजवळ मात्र दुसरा उपाय आहे. पहिल्या ढिगांतले बहुतेक जिन्नस, मेथी, पालक, कोथिंबीर, मिरची, टोमॅटो, वांगीं, भेंडी, हे परसांत येणारेच आहेत. अर्ध्या गुंठ्यांतून, म्हणजे सुमारें ५४५ चौरस फुटांतून, महिन्यास ९ किलो भाजी काढणें ही मोठी अपेक्षा नव्हे. तसें केलें तर सेंद्रिय भाजी तीनच किलो विकत घ्यावी लागेल, तिचे २४० आणि साध्या भाजीचे १,८०० मिळून २,०४० रुपये होतील. जेथें ३६० तूट होती तेथें ३६० शिल्लक राहिली. तिची डाळ किंवा फळें आणावीं.

या वाफ्यांस खत घरचेंच. शेण, पालापाचोळा, माती व राख यांचे थर रचून, ओल राखून, वेळोवेळीं उलथून खत करण्याची "इंदूर पद्धति" सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत बसविली. ती आजहि तितकीच उपयोगी आहे. मोरीच्या पाण्यावर एक शेवगा व एक कढीपत्ता लावावा. मात्र तीन पथ्यें पाळावीं: मुख्य पिकाच्या फवारणीचा वारा येईल अशा जागीं वाफे करूं नयेत, पंपांत उरलेलें औषध "वायां कशाला जावें" म्हणून वाफ्यावर मारूं नये, आणि औषधाचे रिकामे डबे पाणी घालण्यास वापरूं नयेत.

८. घरची सरी आणि बाजारची सरी

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट लिहिणें आम्हांस कर्तव्य वाटतें. पुष्कळ खातेदार घरासाठीं भाजीची एक सरी वेगळी राखतात आणि तिच्यावर पंप नेत नाहींत. ही खबरदारी योग्यच आहे. परंतु ज्यानें ती सरी वेगळी ठेविली त्यास उरलेल्या सऱ्यांवर काय आहे हें ठाऊक आहे, एवढें तर त्यानें कबूल केलें. आपण ऊंस विकून ज्याची मेथी घेतों त्यानेंहि घरची सरी वेगळी ठेविली असेल. आपण त्याच्या मुलांसाठीं काय पिकवितों आणि तो आपल्या मुलांसाठीं काय पिकवितो, हा व्यवहार पाटीनें सुधारणारा नाहीं. सर्वांनीं एकदम सेंद्रिय शेती करावी असें आमचें म्हणणें नाहीं. रूपांतराचा काळ सोसण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. सिक्कीम हें राज्य २०१६ सालीं पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झालें, पण तेथें ही तयारी २००३ पासून चालली होती, आणि तेथें पूर्वींहि रासायनिक खत थोडेंच वापरलें जात असे. मात्र डब्यावर लिहिलेले दिवस पाळणें, शिफारस नसलेलें औषध भाजीवर न मारणें, आणि शेवटच्या तोड्यांपूर्वीं आंतरप्रवाही औषध टाळणें, यास प्रमाणपत्र लागत नाहीं. एवढें सर्वांनीं केलें तर मर्यादेबाहेरचे ते शंभरांतले तीन नमुने पुष्कळ कमी होतील, आणि ज्याला सेंद्रिय माल कधींच परवडणार नाहीं अशा गरिबाच्या ताटासहि त्याचा लाभ होईल.

सारांश

(१) ताट आधीं पुरें करा. डाळ, दूध, भाजी कमी करून पाटीचा माल घेऊं नका.
(२) जादा पैसा पालेभाजी, मिरची, टोमॅटो, भेंडी, वांगीं व द्राक्षें यांपुरताच ठेवा. जाड सालीच्या जिनसांवर घालूं नका.
(३) वर्षाची बेगमी ओळखीच्या शेतकऱ्याकडून सुगींत घ्या.
(४) प्रमाणपत्र सात-बाऱ्याप्रमाणें वाचा: नांव, क्षेत्र, पीक, मुदत.
(५) माल धुवा, धान्य घरींच बिघडवूं नका.
(६) अर्धा गुंठा परसबागेस द्या.

ज्यांस हा विचार पटेल त्यांनीं येत्या महिन्यांत भाजीचा खर्च रोजच्या रोज वहींत लिहावा, वजनहि लिहावें, आणि महिनाअखेर वरील तीन ढिगांप्रमाणें बेरीज करावी. किती पैसा कोठें गेला हें तीस दिवसांत कळेल, आणि पुढील बाजाराला जातांना पाटी पाहून गोंधळ होणार नाहीं.